आहेराची वही आणि दोन डॉलरचं नाणं

लग्नाआधी तिकीट लावून पार्टी करायची, आलेल्यांना पैशांचे खेळ खेळायला लावायचे आणि जमलेली रक्कम वधूवरांनी लग्नाच्या खर्चाला वापरायची, ही पद्धत मला बरीच वर्षं अजिबात मान्य नव्हती. आम्ही राहतो त्या नैर्ऋत्य ओंटारियोत तिला ‘स्टॅग अँड डो’ म्हणतात. काही गावांत ‘बक अँड डो’ किंवा ‘जॅक अँड जिल’. मॅनिटोबात तिचं नाव नुसतं ‘सोशल’. नाव कुठलंही असलं तरी माझ्या लेखी तो हात पसरण्याचा प्रकार होता. लेकीचं लग्न पर्थ काउंटीतल्या एका शेतकरी घरात ठरलं आणि तिने असा बेत बोलून दाखवला, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. ‘ऐपत असेल तेवढंच लग्न करा, गावाकडून वर्गणी कशाला?’ हे माझे शब्द होते, आणि ते मी मनापासून बोलले होते.

सगळ्यात जास्त खटकत होती ती एक गोष्ट: या पार्टीला येणाऱ्या पुष्कळ लोकांना लग्नाचं आमंत्रणच नसतं. ज्याला मांडवात पान वाढायचं नाही, त्याच्याकडून तिकिटाचे पैसे घ्यायचे, हे आमच्या घरच्या शिकवणुकीत कुठेच बसत नव्हतं.

विहीणबाई माझ्याशी वाद घालायला आल्या नाहीत. त्यांच्या भाच्याची पार्टी होती, तिकडे मला घेऊन गेल्या. हॉकीच्या रिंकला जोडलेला गावाचा हॉल. दारात तिकीट आणि मनगटाला कागदी पट्टी. वराचे मित्र आणि करवल्या यांनीच सगळी टेबलं सांभाळलेली. एका बाजूला टूनी टॉस चालला होता. जमिनीवर दारूची बाटली ठेवतात, बहुतेक वेळा तीन लिटरची, जिला इथे ‘टेक्सस मिकी’ म्हणतात. लोक रेषेमागून दोन डॉलरची नाणी, म्हणजे इथल्या भाषेत ‘टूनी’, टाकत राहतात. ज्याचं नाणं सर्वांत जवळ, त्याची बाटली. बाकी फरशीवर पडलेलं सगळं जोडप्याचं. कॅनडात एक डॉलरचं आजचं नाणं १९८७ मध्ये आलं आणि दोन डॉलरचं १९९६ मध्ये. त्याआधी रोजच्या वापरात या रकमा बहुतेक नोटांतच असायच्या, म्हणजे आज जुना वाटणारा हा खेळ या रूपात तसा नवाच.

दुसऱ्या कोपऱ्यात लाकडाचा ओंडका होता आणि हातोडीच्या निमुळत्या टोकाने खिळा ठोकायची पैज. हा भाग जर्मन वस्तीचा, त्यांच्याकडून आलेला हा खेळ. मध्येच ‘हेड्स ऑर टेल्स’ पुकारलं की सगळे पैसे भरून उभे राहतात, कुणी डोक्यावर हात ठेवतो, कुणी मागे कमरेखाली. नाणं उडतं, चुकलेले बसतात, शेवटी उरेल तो जिंकतो. बरणीतल्या जेली बीन्स किती ते ओळखा, स्क्रॅच तिकिटं लावलेलं झाड, फिफ्टी-फिफ्टीची, म्हणजे जमलेली अर्धी रक्कम विजेत्याला देणारी, सोडत. मध्यरात्रीच्या सुमाराला बन, मांसाचे गार काप, चीज आणि लोणच्याच्या काकड्या.

मी बघत राहिले ती माणसं. मोठ्या गोठ्याचा मालक आणि त्याच्याकडे दूध काढायला येणारा पोरगा एकाच रेषेमागे उभे होते. पोराने दोन-चार नाणी टाकली, मालकाने मूठभर. कुणाची किती, हे फरशीवर पडल्यावर कुणालाच सांगता आलं नसतं. कुणी लिहूनही घेत नव्हतं.

तिथे मला माहेरची आहेराची वही आठवली. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. लग्नात कर्ण्यावरून पुकारा व्हायचा, अमुक पाहुण्यांकडून एकशे एक, तमुक पाहुण्यांकडून पाचशे एक. सगळं वहीत उतरायचं. पुढे त्या पाहुण्यांच्या घरी कार्य निघालं की वही काढायची, त्यांनी काय केलं होतं ते बघायचं आणि त्यात थोडी भर घालून परत करायचं. या रीतीत आधार होता, हे मी नाकारत नाही. पण आमच्या नात्यातले एक मामा परिस्थिती ओढगस्तीची झाल्यावर लग्नांना यायचेच बंद झाले. हातात पाकीट नाही आणि कर्ण्यावर नाव नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. सगळे म्हणायचे, मामांना काम आहे. काम नव्हतं.

ज्या हॉलमध्ये दोन डॉलर टाकून माणूस पोटभर हसतो, आणि त्याने किती दिले याची नोंद कुठेही राहत नाही, तिथे ते मामा आले असते. माझं मत तिथे हललं. देणाऱ्याचा संकोच खेळामुळे जातो, घेणाऱ्याचाही जातो. ‘आहेर आणू नये’ असं पत्रिकेवर छापून आपण हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न करतो, पण त्याने देण्याची वाटच बंद होते.

आमंत्रणाचा मुद्दाही विहीणबाईंनी मला समजावला. इथे लग्नाचं जेवण ताटागणिक मोजतात, त्यामुळे यादी आखूड ठेवावी लागते. हॉकीच्या टीममधले, कारखान्यातल्या पाळीतले, शाळेतले जुने सोबती, सगळ्यांना तिथे जागा नसते. त्यांच्यासाठी ही रात्र असते. त्या स्वतः तरुणपणापासून अशा पार्ट्यांना जात आल्या आहेत; ज्यांच्याकडे त्या गेल्या, त्यांचीच मुलं आज त्यांच्या मुलाकडे येणार. शिवाय कुणाचा गोठा जळाला, कुणाचं मूल आजारी पडलं, तर त्याच हॉलमध्ये तशीच टेबलं मांडून पैसे उभे केले जातात. लग्न हे त्या सवयीतलं एक निमित्त.

एवढं पटल्यावरही मी सगळ्याला हो म्हटलं नाही. ओंटारियोत रॅफलचा, म्हणजे सोडतीचा परवाना धर्मादाय किंवा धार्मिक कामासाठी मिळतो. एका जोडप्याच्या लग्नाचा खर्च त्यात बसत नाही. म्हणजे सर्रास चालणारी फिफ्टी-फिफ्टी आणि भेटवस्तूंच्या बास्केटांची सोडत कायद्याला धरून नाही. खासगी समारंभाच्या परमिटवर दारू विकता येते, पण त्यातून नफा काढण्याला परवानगी नाही. सगळेच करतात, हे उत्तर मला चालत नाही. संसाराची सुरुवात नियम वाकवून करू नये, हे माझं मत तेव्हाही होतं, आताही आहे.

मग आम्ही बसून खेळ निवडले. सोडती काढून टाकल्या. टूनी टॉसमध्ये नेम किती आणि नशीब किती, यावर घरात बराच वाद झाला, आणि शेवटी तोही वगळला. ओंडका ठेवला. आणि एका लांब टेबलावर क्रोकिनोल आणि कॅरम शेजारी शेजारी मांडले. क्रोकिनोल हा बोटाने सोंगटी टिचकावण्याचा खेळ इथलाच. याच पर्थ काउंटीत एकार्ट वेटलॉफर यांनी १८७६ मध्ये बनवलेला पट त्याच्या सर्वांत जुन्या ज्ञात पटांपैकी आहे, आणि शेजारच्या टॅव्हिस्टॉकला १९९९ पासून त्याची जागतिक स्पर्धा भरते. व्याह्यांना क्रोकिनोलमध्ये हरवायचं किंवा आमच्या घरच्यांना कॅरममध्ये, एका डावाला एक टूनी. त्या टेबलाभोवतीची गर्दी शेवटपर्यंत हटली नाही.

टोरांटोकडच्या आमच्या मराठी मंडळींना मात्र आम्ही तिकिटं दिली नाहीत. त्यांच्या मुलांची लग्नं या पद्धतीने होणार नाहीत, त्यांचे दोन डॉलर त्यांच्याकडे कधी परत जाणार नाहीत. जिथे फेड होणार नाही तिथून घेणं मला अजूनही गैर वाटतं. त्यांना आम्ही केळवणाला बोलावलं आणि पुरणपोळी वाढली.

परदेशात वाढलेली तुमची मुलं असा बेत घेऊन आली, तर माझ्यासारखं ऐकण्याआधीच नाही म्हणू नका. गावातल्या एखाद्या पार्टीला तिकीट काढून जा, टेबलाजवळ उभे राहा, खेळा. नंतर मुलांसोबत नियम वाचा, सोडती वगळायला लावा, आणि ज्यांच्या घरच्या कार्याला तुम्ही स्वतः जाणार आहात, त्यांनाच तिकीट द्या.