जावयाला विचारू नका

डिसेंबर-जानेवारीत कोथरूडच्या कुठल्याही सोसायटीत जा, लिफ्टमध्ये एक तरी अमेरिकावाला भेटतोच. सगळे स्वेटर घालून फिरत असताना अर्ध्या चड्डीत, हातात पाण्याची भलीमोठी बाटली, सोबत इंग्रजीत कुरकुरणारं एखादं पोर. या मोसमात आम्हा मंडळींना एकच प्रश्न सगळीकडे ऐकावा लागतो. लग्नाच्या पंगतीत, बँकेत केवायसीच्या रांगेत, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानाही: "मग आता कायमचं परत यायचं कधी?" हा प्रश्न नेहमी माझ्या नवऱ्याला विचारला जातो. मी शेजारीच उभी असते. माझ्याकडे वळून विचारतात, "मुलांना इथलं तिखट सोसतं ना गं?"

नवऱ्याकडे उत्तर तयार असतं. ते दर तीन-चार वर्षांनी बदलत गेलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या-त्या वेळी ते खरंही होतं.

२००७ साली हिंजवडीतल्या कंपनीनं त्याला ऑनसाइट पाठवलं. दोन वर्षांचं काम, मग परत. मुलगा दोन वर्षांचा होता. मी इथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, तासिका तत्त्वावर का होईना, पण शिकवत होते. नवऱ्याचा एच-वन-बी व्हिसा आणि त्याच्या शेपटाला बांधलेला माझा एच-फोर. तेव्हाच्या नियमानं एच-फोरवर आलेल्या बायकोला एक डॉलर कमवायची परवानगी नव्हती. काम नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, नंबर नाही म्हणून स्वतःच्या नावावर काही नाही. न्यू जर्सीतल्या त्या अपार्टमेंटमध्ये मी ओव्हनचं माहितीपुस्तकसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. रविवारी तिथल्या मराठी मंडळाच्या शाळेत मुलांना बाराखडी शिकवायचे, अर्थात फुकट. बिनपगारी कामाला कायद्याची हरकत नव्हती. अशा शाळांच्या परीक्षा पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या असत. पुण्याशी माझा कामाचा म्हणावा असा तेवढाच संबंध उरला होता.

त्या काळात परत जाऊ या असं रोज कोण म्हणायचं? मी. आणि नको कोण म्हणायचं? तो.

कारण तोवर आम्ही रांगेत उभे राहिलो होतो. ही रांग इथल्या नातेवाइकांना समजावून सांगताना माझा घसा कोरडा पडलेला आहे, तरी पुन्हा एकदा सांगते. अमेरिका नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देते, तीही बायकामुलं धरून. कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत, असा नियम. म्हणजे आइसलँडला जेवढी मर्यादा, तेवढीच भारताला. आमच्या ईबी-टू गटात भारताच्या वाट्याला वर्षाला तीन हजारांच्या आत येतात. इतर देशांची उरली तर थोडी जास्त. रांगेत लाखो लोक. एच-वन-बीची मुदत एरवी सहा वर्षांत संपते, पण ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्याच्या पुढे गेला की रांग संपेपर्यंत ती वाढवून मिळते. त्यामुळे माणूस ना पुरता आत, ना बाहेर. रांग सोडून पुण्याला आलात तर पुन्हा तिकडे जाण्याची हमी नाही. रांगेत जितकी वर्षं गेलेली, तितकं ती सोडणं अवघड.

आमचा अर्ज २०१३ चा. दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं एक तक्ता जाहीर करतं, कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला याचा. आपल्याकडे दहावीचा निकाल बघतात तसा तो तक्ता आमच्या ओळखीतली झाडून सगळी घरं बघायची. गंमत म्हणजे ही तारीख पुढे जाते तशी मागेही येते. २०२२ च्या उन्हाळ्यात भारताच्या ईबी-टूची तारीख डिसेंबर २०१४ पर्यंत धावली. ऑक्टोबरात ती मागे एप्रिल २०१२ वर आली आणि डिसेंबरात थेट ऑक्टोबर २०११ वर. मधल्या काही महिन्यांत ज्यांचे कागद टेबलावर पोचले, ते सुटले. आम्ही ऑगस्टमध्ये सुटलो. शेजारच्या मजल्यावरचं नाशिकचं कुटुंब, आमच्याच वर्षीच्या अर्जाचं, वैद्यकीय तपासणीच्या एका कागदापायी मागे राहिलं. त्यांच्या मुलीला एकवीस पूर्ण होणार होती, आणि एकवीस पूर्ण झाली की मूल आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं. ज्या देशात बालवाडीपासून वाढली, तिथं राहायला तिला परदेशी विद्यार्थिनीचा व्हिसा काढावा लागला.

तर तेव्हाचं उत्तर होतं ग्रीन कार्ड. त्याच्याही आधी एक होतं, सोशल सिक्युरिटीचं. दहा वर्षांची ४० क्रेडिटं भरली तरच म्हातारपणी पेन्शन. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत करार नाही, त्यामुळे आधी परतलात तर पगारातून कापलेल्या पैशांवर पाणी सोडायचं. ती दहा वर्षं कधीच भरली. मग मुलाची शाळा. तो आता कॉलेजात आहे. मुलगी तिकडेच जन्मली, ती नववीत आहे. तिचं नाव अजून काही वर्षं पुढे करता येईल.

पण आता अडवणारं खरं म्हणजे काही नाही. नवऱ्याची कंपनी पुण्यातून काम करू देईल. तो दर रविवारी लॅपटॉपवर बावधनचे फ्लॅट बघतो आणि मुळशीकडे एखादा तुकडा घेऊन आंबे लावावेत म्हणतो. यायचं नाहीये ते मला.

हे मी पुण्यात उघड बोलले ते याच खेपेला, आत्याकडे हळदीकुंकवाला. आत्या म्हणजे सदाशिव पेठेतली जुनी शिक्षिका. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता म्हणाली, "अगं, आनंदीबाई जोशी परत आली होती. त्या काळात!" आत्याला माहीत नव्हतं की आनंदीबाईंचं अमेरिकेतलं पहिलं घर, त्यांना ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंचं रोझेलचं, माझ्याच राज्यात आहे. १८८६ च्या मार्चमध्ये त्या पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या आणि वर्षाअखेरीला परतल्या, हे खरं. पण परतण्याआधी कोल्हापूर संस्थानानं त्यांना नोकरी देऊ केली होती, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची. बाईला इथं काम ठरलेलं होतं. ते काम सुरू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या पुण्यात गेल्या. बावीसही पुरी झाली नव्हती. रक्षा मात्र कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि आजही न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीच्या दफनभूमीत आहे. आमच्या भागातल्या मराठी बायका तिथं जातात, मीही जाऊन आले. हे सगळं आत्याला सांगितलं आणि विचारलं, "मला कुठलं कोल्हापूर बोलावतंय?"

विचारायला कारण होतं. आल्या आल्या मी दोन कॉलेजांत चौकशी करून आले होते. पंचेचाळिशी उलटलेल्या, नेट-सेट नसलेल्या बाईला इथं काय मिळेल? तासिका तत्त्व. ज्या खुर्चीवरून २००७ साली उठले, तीच खुर्ची. नव्या लोकांसाठी रांग तिथंही आहेच.

तिकडे माझं काय आहे? फार मोठं नाही. मे २०१५ मध्ये ओबामा सरकारनं ग्रीन कार्डच्या रांगेतल्यांच्या एच-फोर बायकांना कामाचा परवाना दिला. मी पहिल्या महिन्यात अर्ज केला. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मांडामांड करायची नोकरी लागली: ऑसिलोस्कोप लावायचे, तुटलेल्या वायरी बदलायच्या, मुलांनी पळवलेली वजनं पुन्हा मागवायची. मग पुढच्या सरकारनं तो परवाना रद्द करण्याची भाषा सुरू केली आणि काही वर्षं त्या टांगत्या तलवारीखाली गेली. आता संध्याकाळचे दोन वर्ग शिकवते. वर्गात ट्रकचालक आहेत, नर्सिंगला जाऊ बघणाऱ्या पन्नाशीच्या बायका आहेत. त्यांना बलाचे बाण काढायला शिकवून रात्री साडेनवाला गाडीतून एकटी घरी येते. गाडी माझ्या पगारातली. घरी पोचते तेव्हा नवऱ्यानं भात लावलेला असतो.

नवऱ्याबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तो तिकडे रोज सकाळी मुलीचा डबा भरतो, भांडी मशीनमध्ये लावतो, शनिवारी बाथरूम घासतो. हाच माणूस मुंबईला उतरून टॅक्सीनं एक्स्प्रेस-वेला लागला की खालापूरपर्यंत बदलायला लागतो, आणि त्याच्या आईच्या घराची बेल वाजवेपर्यंत पुरता बदललेला असतो. परवाचीच गोष्ट. सकाळी सातला तो पेपर घेऊन खुर्चीत बसला. चहा हातात आला. कप रिकामा झाल्यावर तो खुर्चीच्या पायाशी ठेवला गेला. ओटा तिथून सहा पावलांवर होता. मी कपाकडे बघितलं, त्यानंही बघितलं, आणि उठायला लागला. तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "राहू दे रे, ती घेईल." तो बसला. सासूबाई प्रेमळ आहेत, माझ्यासाठी मुद्दाम गुळाच्या पोळ्या करून ठेवतात. त्या पोळ्या लाटताना त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा लाटणं कुणाच्या हातात जायचं हेही ठरलेलंच आहे. सुट्टीतले दिवस मी हे हसत करते. पुढची पंचवीस वर्षं करायचं नाहीये.

आमच्या मंडळाच्या गणपतीत हे फार छान बघायला मिळतं. दिवाणखान्यात नवरे मंडळी परत जाण्याच्या गोष्टी करत असतात: पुण्यात मेट्रो झाली, वनाजहून रामवाडीला आता थेट जाता येतं, लोहगावला नवं टर्मिनल आलं. आत मोदकांच्या पाऱ्या करता करता बायका मुलांच्या कॉलेजच्या अर्जांबद्दल बोलतात. बाहेरचा विषय आत आलाच तर कुणीतरी म्हणतं, "हो, बघू की." ते ऐकलं की बाकीच्या पारीवर लक्ष देतात. सगळ्या अशाच आहेत असं नाही. एच-फोरवर कोमेजून गेलेल्या आणि संधी मिळताच आनंदानं परतलेल्याही मला माहीत आहेत, बाणेरला मजेत आहेत. सासर-माहेर दोन्ही समंजस मिळालेल्या आहेत. पण अमेरिकेत का राहता याची जी कारणं पुण्यात सांगितली जातात, पगार, रस्ते, शिस्त, हवा, त्या यादीत हे कारण मी कधी ऐकलेलं नाही. सांगणारा जावई असतो, हे त्याचं कारण असावं.

या सगळ्याची किंमत आहे आणि ती बाबा भरतात. ते ऐंशीला आले. आई गेल्यापासून डहाणूकर कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये एकटे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोबत समोरचे काका होते, मी फोनवर. हे लपवून उत्तर देण्यात अर्थ नाही.

रोज सकाळी ते म्हातोबाच्या टेकडीवर जातात. त्यांच्या बाकावरच्या बहुतेकांची मुलं बाहेर. पुण्यात सकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेआठ, सॅन होजेला साडेपाच, हा हिशोब त्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. मी बरोबर गेले होते, तेव्हा एक आजोबा बाबांना म्हणाले, "लेकीला म्हणावं, आता बास झालं. या इकडे." बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "ती येऊन काय करणार? माझ्या गोळ्या मोजणार? मला मोजता येतात."

उतरताना मी त्यांना सगळं सांगितलं. कपाचंसुद्धा. ते जरा वेळ गप्प चालले. मग म्हणाले, "तुझ्या आईनं विमा कंपनीतली नोकरी सोडली, माझ्या आईसाठी. तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही." आणि लगेच, भाजीवाल्याकडे मटार स्वस्त झाले का ते बघायला थांबले.

तेव्हा यंदा कुणाच्या लेकी-सुना तिकडून आल्या आणि त्या परत का येत नाहीत हे खरंच जाणून घ्यायचं असेल, तर जावई बाहेर गेल्यावर लेकीला विचारा, आणि तेही चहाचे कप आपण उचलून झाल्यावर. माझ्यापुरतं सांगायचं तर, ग्रीन कार्डला पाच वर्षं होण्याच्या तीन महिने आधी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. माझा पुढच्या वर्षी, मे महिन्यात करता येईल. भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल, ओसीआय काढावं लागेल, पुण्यातलं मत जाईल. नवऱ्यानं अजून ठरवलेलं नाही. मी अर्ज करणार आहे.