एका ठिपक्याचं औंध

चॅटबॉटनं काढलेला नकाशा माझ्या वर्गात आणायचा नाही, असा माझा नियम होता. हातानं गिरवलेला नकाशाच डोक्यात बसतो, असं मी सांगायचो. खरं तर मला भीती वाटत होती. म्हसवडच्या पोरांना इथल्या मुलखाचा इतिहास सांगणारा मी. ती जागाच जाईल की काय, अशी.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांनी हट्टानं औंध संस्थानाचा तक्ता चॅटबॉटकडून करून घेतला: गाव, अक्षांश, रेखांश. तो गुगलच्या नकाशावर चढवला, तर औंधची खूण पुण्यात, विद्यापीठाच्या पलीकडं उमटली. मला आनंद झाला. मुलांचं काम फसलं म्हणून शिक्षकाला आनंद व्हावा, याची आज लाज वाटते.

"सर, हे पुण्यातलं औंध," एक मुलगी म्हणाली आणि तिनं खूण उचलून खटाव तालुक्यात आणली. मग बाकीच्या खुणा बघितल्या. आटपाडी साठेक किलोमीटर पूर्वेला, आज सांगली जिल्ह्यात. कुंडल दक्षिणेला. गुणदाळ तर थेट विजापूरकडं. बघता बघता ती भिंतीकडं वळली. तिथं माझा नकाशा होता, काळ्या शाईचा, मन लावून काढलेला. त्यात औंध म्हणजे एकच ठिपका.

"मग आपल्या नकाशात आटपाडी कुठाय, सर?"

मला उत्तर देता येईना. 1939 मध्ये गावपंचायतींच्या हाती कारभार देणाऱ्या या संस्थानाबद्दल मी दरवर्षी भरभरून बोलायचो. 72 गावांचा मुलूख तुकड्यातुकड्यांत विखुरला होता, हेही मला ठाऊक होतं. तरी ठिपकाच काढला, कारण तो सोपा होता. यंत्राची चूक मुलांनी पाच मिनिटांत धरली. माझी इतकी वर्षं कुणी धरली नाही, कारण ती सरांची होती. प्रश्न विचारायला मी जागाच ठेवली नव्हती.

आता तक्ता चॅटबॉट करतो आणि मुलं तो घरोघरी तपासतात. कुठलं गाव संस्थानात, कुठलं खालशात, म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलाखाली? एकाच्या पणजीनं सांगितलं, माहेर संस्थानात, सासर खालशात. एका वाडीपुढं अजून प्रश्नचिन्ह आहे. दोन म्हातारे दोन गोष्टी सांगतात. रविवारी आम्ही तिथं जाणार आहोत.