मेस्त्रींचा कॅमेरा

नोकरी लागू दे, चित्रं काय रविवारी काढता येतील. इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांना घरोघरी हेच ऐकवलं जातं, कोल्हापुरातही. मात्र यंत्राचा आणि कुंचल्याचा इतका जवळचा घरोबा दुसऱ्या गावात क्वचितच पाहायला मिळेल, आणि त्याची सुरुवात एका कॅमेऱ्यापासून झाली.

आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्याने भाऊ. दोघेही संगीत नाटकांचे पडदे रंगवत, म्हणून गावाने त्यांना ‘पेंटर’च करून टाकलं. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना चलच्चित्राचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता. मग तो आपणच घडवायचा, असं ठरलं.

हे धाडस केवढं होतं, ते कॅमेऱ्याच्या पोटात डोकावल्याशिवाय कळत नाही. फिल्मची पट्टी पुढे सरकायची, क्षणभर निश्चल थांबायची, तेवढ्यात झडप उघडून मिटायची आणि पट्टी पुन्हा सरकायची. हे सारं सेकंदाला साधारण सोळा वेळा, तेही हाताने दांडा फिरवून! पट्टी ओढणाऱ्या दात्यांच्या चाकात केसभर फरक राहिला, की पडद्यावरचं चित्र थरथरलंच.

१९१६ मध्ये, काम अर्धवट असतानाच आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना सोबत घेतलं आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये झळकला, तेव्हा लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. ‘सिंहगड’साठी त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केलं. पोशाखांची आणि दृश्यांची रेखाटनं तेच करत, चित्रपटांची पोस्टरंही तेच रंगवत. पुतळेही त्यांनी घडवले. इतकी कामं एका माणसाने कशी केली असतील? त्या हातांना यातलं काहीच परकं नव्हतं, एवढंच मनापासून वाटतं.

दामल्यांची गोष्ट तर आजच्या इंजिनिअरांनी आवर्जून वाचावी. १९२९ मध्ये फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. पुढे बोलपटांचं युग आलं. ध्वनिमुद्रणाचं नवंकोरं तंत्र दामल्यांनी आत्मसात केलं आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चा आवाज सांभाळला. यंत्राशी एवढी सलगी असलेल्या या माणसाने १९३६ मध्ये फत्तेलालांबरोबर ‘संत तुकाराम’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

त्यात शेवटी तुकोबांना न्यायला आभाळातून विमान येतं. पण त्याच्या किती तरी आधी त्यांच्या बायकोचे, आवलीचे हाल दिसतात. घरात दाणा नाही, पोरं उपाशी आणि नवरा भजनात दंग. विमान उतरवण्यात जेवढा जीव दामले-फत्तेलालांनी ओतला, तेवढाच त्या रिकाम्या चुलीतही.