पेड्स घ्यायचं का?

नीट-पीजीचा निकाल लागला की माझ्या घाटकोपरच्या दवाखान्यात दोन-चार नवे डॉक्टर हमखास डोकावतात. प्रश्न ठरलेला. "मॅडम, रँक बरी आलीय. पेड्स घेऊ का? घरचे रेडिओलॉजीच घे म्हणतात."

घरच्यांचं अगदीच चुकत नाही. आम्हा बालरोगतज्ज्ञांचे फोन रात्री-अपरात्री वाजतात, एका बाळाबरोबर आई, आजी आणि गूगल असे तीन सल्लागार येतात आणि मशीनवाल्या शाखांइतका पैसा इथे नाही. हे मी आधीच सांगून टाकते. मग माझी बाजू मांडते.

मी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात शिकले. तिथे डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. जेमतेम दीड किलोच्या बाळांना पावडरच्या दुधाऐवजी कुणा दुसऱ्या आईचं दूध मिळू लागलं. बाळाला जंतुसंसर्गापासून वाचवायला सगळ्यात महागडं औषधच लागतं असं नाही, हे मला पुस्तकाआधी त्या वॉर्डाने शिकवलं.

तिथल्या माझ्या सीनियरने पहिल्याच आठवड्यात मला स्टेथोस्कोप लावू दिला नव्हता. "झबलं वर कर आणि मिनिटभर फक्त छाती बघ," म्हणाली. खोकणाऱ्या बाळाचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. आकडा तिथे पोचला की न्यूमोनियाची शंका घ्यायची, बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर थांबायचंच नाही. एक्स-रेची रांग नंतर. बाळ स्वतःचं दुखणं सांगत नाही, त्यामुळे डोळे तयार होतात. हा तयार झालेला डोळाच आमची कमाई.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत हीच कौशल्यं गावातल्या बायकांना शिकवली. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतल्यावर तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे मांडलं. इतक्या साध्या ज्ञानाने इतके जीव वाचवणाऱ्या शाखा फार नाहीत.

पावसाळ्यात असल्फ्याच्या टेकडीवरून जुलाबाने सुकलेली बाळं येतात. कुणीतरी अंगावरचं दूध बंद करायला सांगितलेलं असतं. मी आईला बाकावर बसवते, दूध चालू ठेवायला सांगते आणि चमच्या-चमच्याने ओआरएस पाजायला लावते. पुढचे पेशंट तपासून होईतो पोर माझा स्टेथोस्कोप ओढू लागतं. मोठ्यांच्या आजारात इतक्या लवकर असा निकाल क्वचितच हाती येतो.

म्हणून विचारायला आलेल्यांना मी हो किंवा नाही सांगत नाही. एवढंच म्हणते: राजावाडी रुग्णालय असो, कूपर असो, इंटर्नशिपमधली पेड्सची पोस्टिंग नुसत्या सह्या करून उरकू नका. एक अख्खी नाइट करा. बारक्या हातावर सलाइनसाठी शीर शोधा, डोस किलोच्या हिशेबाने काढून दोनदा तपासा, कमी वजनाचं बाळ छातीशी कसं धरायचं ते आईला दाखवा. सकाळी पाय दुखतीलच. तरीही त्या वॉर्डात पुन्हा जावंसं वाटलं, तर पसंतीक्रम भरण्याआधी घरच्यांशी खुशाल वाद घाला.