मागल्या चाकाचा वारा

मोटार धांवते कशी, हें सांगणारे आज घरोघर आहेत. ती थांबते कशी, हें विचारणारा मात्र विरळा. आम्हीं जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलें. यंत्रशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि वसईस राहून रोज सायंकाळीं पाचूबंदराकडे फिरावयास जाण्याचा परिपाठ ठेविल्यापासून वाऱ्याकडे लक्ष देण्याची संवय जडली, आणि शर्यतीच्या मोटारींना मागील चाकांपुढें झरोके कां ठेवितात, याचा उलगडा तिच्यामुळेंच झाला.

प्रथम थोडा हिशेब पाहूं. १,२०० किलो वजनाची गाडी ताशीं १०० किलोमीटर वेगानें जात असतां ब्रेक दाबून उभी केली, तर तिची गति नाहींशी होत नाहीं; तिची उष्णता होते. ती इतकी कीं, तिनें दीड लिटर पाण्यास आधण यावें! वेग दुप्पट केला कीं उष्णता चौपट; म्हणजे सहा लिटरांचें आधण. आणि ही चूल कोणती? तर चाकाच्या आंत फिरणारी बिडाची तबकडी.

पुढल्या चाकांस समोरचा वारा मिळतो. मागलीं चाकें मात्र जुन्या वाड्यांतील माजघरासारखीं. ओसरीवर वारा खेळतो, माजघरांत घाम निथळतो. त्यांतून अशा पुष्कळ गाड्यांत इंजिन बैठकीच्या मागें असतें, म्हणजे माजघरास लागूनच चूल! अमरकोशांत वाऱ्यास 'सदागति' असें नांव आहे. पण बाहेर जाण्यास वाट असल्यावांचून तोही आंत येत नाहीं.

हें मर्म पाचूबंदरच्या कोळणी जाणतात. बोंबील आमच्या स्वयंपाकघरांत येत नाहींत. पण ते वाळत घालण्याची रीत पाहण्यासारखी खरी. बांबूंच्या वलांडीवर ते सुटे सुटे टांगलेले असतात. त्यांचा ढीग घातला तर वारा वरचेवर निघून जाईल आणि आंतले नासतील.

मोटार रचणाराही हेंच करितो. वारा जेथें जोरानें येतो तेथें झरोका ठेवून तो नळीनें तबकडीच्या मध्याशीं नेतो, कडेशीं नव्हे. कारण तबकडी दुपदरी असून दोन पदरांमध्यें पडदे असतात. ती फिरूं लागली कीं पंख्याप्रमाणें मध्याशीं आलेला वारा परिघाकडे फेंकते आणि त्याबरोबर उष्णताही बाहेर जाते. गॉर्डन मरे यांनीं रचिलेल्या, १९९२ सालीं लोकांपुढें आलेल्या मॅकलॅरन एफ-१ गाडींत तर ब्रेक जोरानें दाबतांच पाठीवरील पट्टी उभी राहते. तिच्यापुढें वाऱ्याचा दाब वाढतो, आणि त्याच वेळीं उघडणाऱ्या दोन वाटांनीं तो मागल्या ब्रेकांकडे जातो. एरव्हीं झरोके मिटलेले. कारण उघडा झरोका वारा अडवून वेग खातो.

ही केवळ शर्यतवाल्यांची चैन नव्हे. महाबळेश्वराहून परततांना पसरणीच्या घाटांत पुतण्याच्या गाडींत आम्ही सात माणसें होतों. वाई दिसूं लागली, तोंच करपल्याचा वास आला आणि ब्रेकचें पेडल तळाशीं जाऊं लागलें. ब्रेकच्या तेलांत हवेंतील ओल मुरते. आम्हां समुद्रकांठच्या लोकांना हें सांगणें नलगे. डॉट-४ जातीचें नवें तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओल मुरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत उतरूं शकते. उकळलेल्या तेलांत वाफ होते, आणि पाय दाबला तरी वाफच दबते. पुतण्यानें खालचा गिअर घालून गाडी डोंगराच्या अंगास उभी केली, म्हणून बरें! दारामागें त्या गाडीसही झरोके होते. बोट घालून पाहिलें, तों आंत काळी भिंत! झरोके शोभेचे होते.

तेव्हां घाट उतरतांना खालचा गिअर ठेवावा आणि ब्रेकचें तेल दोन वर्षांनीं बदलावें, हें तर खरेंच. पण आम्हांस आणखी एक गोष्ट सुचते. कुटुंबांतही पुढें वावरणारांस वारा आपोआप लागतो. मागें राहून भार सोसणारांकडे तो मुद्दाम नेऊन पोंचवावा लागतो. आणि तेथें शोभेचा झरोका उपयोगी पडत नाहीं.