जीपचा ताप

पोटदुखीवर आणि तापणाऱ्या गाडीवर औषध सांगण्याचा अधिकार आपल्याकडे प्रत्येकाला जन्मतःच मिळालेला असतो. आमची जीप तापू लागली तेव्हा गावातल्या न्हाव्यापासून पोस्टमास्तरांपर्यंत सर्वांनी मला औषधे सांगितली. गंमत अशी की, ज्या एका माणसाचा औषधे देण्याचाच धंदा होता तो मात्र गप्प होता. ते म्हणजे आमचे अण्णा, माझे वडील.

आमचे गाव तुळजापूरच्या घाटाखाली, सोलापूरच्या अंगाला. जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद; २०२३ पासून तो कागदोपत्रीही धाराशिव झाला. अण्णा गावचे डॉक्टर. लिलावात घेतलेली एक जुनी पेट्रोलची जीप त्यांच्याजवळ होती आणि तिच्यावर आसपासच्या वाड्यावस्त्यांचा आमच्याइतकाच हक्क होता. रात्री-अपरात्री कंदील घेऊन कोणी दारात आले, की अण्णा पायांत वहाणा सरकवायचे आणि मी किल्ली शोधायचा.

पण जीप पेट्रोल फार प्यायची. रुग्णांकडून यायचे ते निम्मे पैसे आणि निम्मी ज्वारी. ज्वारीवर काही जीप चालत नाही. मी नुकताच यंत्रशास्त्राची पदविका घेऊन घरी आलो होतो. त्या वयात माणसाला सगळेच येत असते. मी अण्णांना म्हणालो, "आपण हिला डिझेलचे इंजिन बसवू. डिझेल किती स्वस्त पडते! कितीतरी लोकांनी बसवून घेतले आहे."

अण्णा म्हणाले, "परके रक्त द्यायचे तर आम्ही आधी गट जुळवून पाहतो. तू पाहिलास का?"

"सगळे जुळते," मी ठोकून दिले.

१९९२ च्या हिवाळ्यात हे काम झाले. अपघातात सापडलेल्या एका मॅटॅडोर गाडीचे इंजिन आम्ही विकत घेतले. मॅटॅडोर ही पुण्याच्या बजाज टेंपोची गाडी आणि हे इंजिन मर्सिडीजच्या आराखड्याचे. चार सिलिंडरांचे, दोन लिटर चारशेच्या आसपासचे. दणकट म्हणून त्याचा लौकिक होता आणि तो खोटा नव्हता. एका गॅरेजात ते जीपमध्ये बसवले. चौकटीवर नवे टेकू जोडले, गिअरपेटीशी सांधा जुळवला, सायलेन्सरची नळी वळवली. जे जे जुळवायचे म्हणून आम्हांला ठाऊक होते ते सर्व जुळवले. थंडीचे दिवस असल्यामुळे माघ उलटेपर्यंत जीप गुणी मुलासारखी चालली. मी तिचा खर्च वहीत मांडून अण्णांना दाखवीत असे.

चैत्र लागला आणि सुई वर चढू लागली.

पहिला सल्ला रेडिएटरचा होता. आमच्याकडे बोअरचे पाणी जड. न्हाणीघरातल्या बंबात वर्षभरात क्षाराचा पांढरा थर धरतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही धरतो. आम्ही रेडिएटर उतरवून साफ करून आणला. पांढरा चुरा निघाला. सर्वांचे समाधान झाले, जीपचे मात्र झाले नाही. मग पाण्याचा पंप बदलला, पट्टा बदलला. शेवटी त्याहून मोठा रेडिएटर बसवला. प्रत्येक वेळी दोन-दोन, तीन-तीन वस्तू एकदम बदलायच्या, पैसे मोजायचे आणि चार दिवसांनी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभे राहायचे, असा क्रम सुरू झाला. डिझेलमध्ये वाचवलेला पैसा केव्हाच संपला. खर्चाची वही मी अण्णांना दाखवणे बंद केले.

आणि वैशाखातली ती रात्र आली. एका वस्तीवरचे तीन-चार वर्षांचे मूल जुलाब-उलट्यांनी कोमेजून गेले होते. अण्णांच्या पिशवीतल्या सलाईनच्या बाटल्या संपल्या. मूल सोलापूरला नेणे भाग होते. वस्तीपासून डांबरी सडक चार-पाच किलोमीटर, तीही बैलगाडीच्या चाकोरीची. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्के खात निघालो. अर्ध्या वाटेवर सुई टोकाला टेकली, बॉनेटमधून वाफ उठली आणि मला इंजिन बंद करावे लागले.

मी उतरून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार एवढ्यात अण्णांनी माझे मनगट धरले. ते झाकण म्हणजे साधे बूच नव्हे. त्यातली स्प्रिंग पाण्यावर दाब धरून ठेवते. सात पौंडांच्या झाकणाखाली पाणी ११० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही; पण तसे तापलेले पाणी झाकण उघडताच एकदम उफाळून तोंडावर येते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतावे तर त्याचे हेड तडकण्याची भीती. थांबण्यावाचून उपाय नव्हता.

मुलाची आजी मागून चालत आली. तिच्या डोक्यावर घागर होती. त्या वस्तीवर टँकर दिवसाआड यायचा. ती घागर म्हणजे त्या घराचे उद्याचे पाणी होते. मला तिच्याकडे मान वर करून पाहवेना. तीच म्हणाली, "गाडीबी तानलीया, लेकरूबी तानलंय. दोगालाबी निम्मं निम्मं द्या."

अण्णांनी आधी तांब्याभर पाण्यात मीठ-साखर कालवली आणि चमच्या-चमच्याने मुलाला पाजू लागले. तीन पाव तासाने इंजिन निवले, तेव्हा मी ते चालू ठेवून, धार धरून उरलेले पाणी रेडिएटरमध्ये ओतले. पुढे डांबरी सडक लागली. मूल वाचले, एवढे सांगून ठेवतो. परत येताना अण्णा एवढेच म्हणाले, "सडकेला लागल्यावर सुई आपोआप खाली आली. पाहिलीस ना?"

मी पाहिली नव्हती. मला त्या घागरीखेरीज काही दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच तिरमिरीत शेवटचा गावठी उपाय केला. थर्मोस्टॅट काढून फेकला. 'ती झडप पाणी अडवते, काढून टाका,' असे मला दहा जणांनी सांगितले होते. परिणाम असा झाला, की पूर्वी रेंगाळताना तापणारी जीप आता सडकेवर धावतानाही तापू लागली.

तेव्हा अण्णा पहिल्यांदा बोलले. "हे बघ, माझ्याकडे ताप आला म्हणून माणूस येतो, तेव्हा ताप का आला हे मी आधी विचारत नाही. केव्हा येतो, हे विचारतो. रोज संध्याकाळी येतो की दिवसाआड? थंडी वाजून येतो की नुसताच? निम्मे निदान त्यातच असते. तू सहा औषधे एकदम दिलीस. आता कोणते लागू पडले आणि कोणते बाधले, कसे सांगशील? एका वेळी एक औषध."

मग त्यांनी रुग्णांच्या तापाचा आखीव कागद काढला आणि वर लिहिले, 'जीप'. खाली रकाने पाडले: वेळ, रस्ता, गिअर, ओझे, सुई. पण त्याआधी ते म्हणाले, "थर्मामीटर खरा आहे का ते पाहू."

हे मला सुचलेच नव्हते! सुई जुनी, इंजिन नवे. मी सुईचे टोचण, म्हणजे इंजिनात बसतो तो तापाचा तुकडा, बाहेर काढला, तारा लांबवल्या आणि आईच्या चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात धरला. आमच्या गावाच्या उंचीवर पाणी १०० अंशांपेक्षा अंश-दीड अंश आधीच उकळते. सुई जिथे थांबली तिथे अण्णांनी काचेवर शाईची रेघ ओढली. आईने ते पातेले पुन्हा चहाला घेतले नाही, ही या संशोधनाची किंमत.

मग थर्मोस्टॅट परत बसवला आणि दुसरे काहीही न बदलता बारा दिवस नोंदी केल्या. तक्ता भरला तसा जीपचा रोग बोलू लागला. सडकेवर पन्नासाच्या वेगाने सुई निवांत. बाजारात गर्दीतून जाताना चढती. चाकोरीत टोकाला. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवले तर वीस मिनिटांत शाईच्या रेघेपाशी. म्हणजे पाणी फिरत होते आणि रेडिएटरही साफ होता. गाडी धावली की समोरचा वारा मिळत होता. थांबली की वारा द्यायचे काम पंख्याचे, आणि ते होत नव्हते. पंख्याकडे आम्ही कोणीच पाहिले नव्हते. कारण तो फिरताना दिसत होता!

तक्ता घेऊन आम्ही नळदुर्गला गेलो. तिथे हैद्राबादच्या हमरस्त्यावर ट्रकांची कामे करणारे एक वृद्ध मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी तक्ता नीट वाचला, इंजिन चालू करायला सांगितले आणि वर्तमानपत्राचा एक कागद रेडिएटरच्या पुढे धरून सोडून दिला. धड पंखा असेल तर कागद सगळा जाळीला चिकटून बसतो. आमचा कागद खालच्या बाजूला तळहाताएवढाच चिकटला आणि बाकीचा लोंबत राहिला.

कारण उघड होते. नवे इंजिन चौकटीत मागे आणि खाली बसले होते. पंखा रेडिएटरपासून वीतभर दूर गेला होता आणि मध्याच्या खाली उतरला होता. भोवती पत्र्याचे कडे नव्हते. त्यामुळे तो बाहेरचा वारा ओढण्याऐवजी इंजिनाभोवतीचीच गरम हवा पुनःपुन्हा घुसळत होता. भरीत भर म्हणजे त्याची पाती उलटी बसवली होती, पाठ पुढे करून. पंखा तशाने वारा उलटीकडे फेकत नाही, फक्त फारच कमी ओढतो. म्हणून फसगत होते.

थर्मोस्टॅटचे कोडेही चाचांनीच उलगडले. या इंजिनात त्या झडपेला दोन दारे असतात. इंजिन गार असताना रेडिएटरचे दार बंद आणि आतल्या आतच फिरण्याचा आखूड रस्ता उघडा. तापले की उलट. झडपच काढली तर दोन्ही दारे सताड उघडी. मग पाणी माणसासारखेच वागते, जवळची वाट धरते आणि रेडिएटरकडे पुरेसे जातच नाही.

चाचांनी पाती सुलटी केली, पंखा पुढे घेतला, रेडिएटर थोडा उतरवला आणि पंख्याभोवती पत्र्याचे गोल कडे ठोकले. शेवटी जीपचे तोंड चढावर करून, वरची नळी सैल करून पाणी भरले. इंजिनाचे डोके रेडिएटरहून उंच बसले होते, त्यामुळे वर हवा कोंडत होती; ती बुडबुड करीत निघून गेली. पैसे देताना अण्णा त्यांचे कौतुक करू लागले, तर ते म्हणाले, "नक्को डॉक्टरसाब, बीमारी तुमीच पकडली. मी तर कंपाउंडर!" आणि पावसाचे पाणी धरून तेच रेडिएटरला वापरा, असे बजावले.

ही गोष्ट इथेच संपायची. पण त्याच वर्षी ३० सप्टेंबर उजाडला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे त्या धक्क्याने मोडून पडली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर आले. बातमी कळताच अण्णांनी घरातले होते नव्हते ते औषध जीपमध्ये भरले आणि आम्ही नळदुर्गवरून सास्तूरच्या बाजूला निघालो.

रस्त्यावर ट्रक, जीपगाड्या, नातलगांना शोधणारी माणसे आणि नुसतेच पाहायला निघालेलेही. पुढे पाऊस लागला, चिखल झाला. जीप तासन् तास पहिल्या गिअरमध्ये सरपटत होती. रात्री वीज नव्हती. एका पडक्या भिंतीशी मी जीप उभी केली, इंजिन चालू ठेवले आणि दिव्यांच्या झोतात अण्णा जखमा धुऊन बांधीत बसले. उभी गाडी आणि चालू इंजिन. तक्त्यातली सर्वांत वाईट ओळ होती ती! अण्णांनी सुईकडे एकदाही पाहिले नाही. मी मात्र दर पाच मिनिटांनी पाहत होतो. ती शाईच्या रेघेच्या बरीच खाली उभी होती. पहाटेपर्यंत ती तिथून हलली नाही.

अण्णा आता नाहीत. जीपही गेली. तक्ता माझ्यापाशी आहे. त्या रात्रीची नोंद मात्र त्यात नाही, कारण लिहायला हात मोकळे नव्हते. आजही कोणी गाडी तापते म्हणून माझ्याकडे आला आणि काय काय बदलले ते सांगू लागला, की मी त्याला मध्येच थांबवतो आणि विचारतो, "ते असू दे. केव्हा तापते?"