बाहुल्याचा आवाज

चौलच्या ज्या वाडीत माझे बाबा नारळ-सुपारी उतरवतात, त्या वाडीच्या मालकांचे जुने घर आवरायचे होते. बारावीची परीक्षा देऊन मी मोकळाच होतो, म्हणून बाबांबरोबर गेलो. माळ्यावर रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांची चळत सापडली. त्यांत ‘द मपेट शो’ या टेलिव्हिजनवरील बाहुल्यांच्या कार्यक्रमाची 1977 सालची तबकडी होती. मालकांनी ती हौसेने लावून दाखवली. बाबा काही वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “बाहुल्या दिसत नाय, मंग गंमत कसली?”

प्रश्न बिनतोड होता. पुढे वाचनात आले की, हीच तबकडी त्या वर्षी इंग्लंडमध्ये बीटल्सच्या तबकडीला मागे सारून पहिल्या क्रमांकावर गेली होती. जिम हेन्सन यांनी 1955 साली आईच्या जुन्या कोटाचे कापड आणि पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे घेऊन कर्मिट हा बेडूक बनवला. तबकडीवर ना तो कोट, ना ते डोळे! तरी लोकांनी ती घेतली. का?

उत्तर आपल्याच घरी सापडले. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांचे कार्यक्रम मी मोबाईलवर पाहू लागलो. हेन्सन यांचे कलावंत चौकटीखाली लपून बोलत. त्यांना ओठ खुशाल हलवता येत. पाध्ये मात्र सर्वांसमोर बसतात आणि त्यांचे वडील य. के. पाध्ये यांनी घडवलेला अर्धवटराव त्यांच्याशीच हुज्जत घालतो. शब्दभ्रमकाराची खरी परीक्षा पवर्गात असते. प, फ, ब, भ, म हे वर्ण ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत. तेव्हा जिभेच्या साह्याने त्यांच्या जवळचा ध्वनी काढावा लागतो. मी आरशासमोर प्रयत्न केला. ‘आई’ सहज जमले. ‘बाबा’ म्हणायला गेलो की ‘दादा’ व्हायचे!

एकदा डोळे मिटून अर्धवटराव ऐकला. आता ओठांच्या करामतीचा प्रश्नच नव्हता. तरीही दोन माणसे बोलत होती, एक समंजस आणि एक आगाऊ. तेव्हा कळले की बाहुल्याचा जीव लाकडात किंवा कापडात नसतो. तो त्याच्या स्वभावात असतो आणि स्वभाव आवाजातून कळतो.

मागच्या स्नेहसंमेलनासाठी मीही एक बाहुला केला. सुपारीच्या विरीचे तोंड आणि आईच्या जुन्या साडीचा सदरा. त्याला स्वभाव हवा होता. जवळ होता तोच मी घेतला, बाबांचा! बाहुला ‘पानी’, ‘नारल’, ‘डोले’ म्हणे आणि मी शुद्ध मराठीत त्याला सुधारी. सभागृह हसून हसून लोळले. घरी मीही ‘पानी’च म्हणतो, हे त्यांतल्या कोणालाही ठाऊक नव्हते. दाराशी बाबा उभे होते, हे मला शेवटी दिसले.

परतताना एस.टी.त बाबा बराच वेळ गप्प होते. मग हसतच म्हणाले, “मी आसा बोलतंय?”

“बाबा, तो बाहुला होता.”

“आवाज तुझाच ना?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री झोप आली नाही. अर्धवटराव बोलतो तेव्हा फजिती होते ती त्याला बोलवणाऱ्याची. माझ्या खेळात मी शहाणा ठरलो आणि हसे झाले ते बाहुल्याचे. म्हणजे कोणाचे, हे सांगायला नको. तंत्रात मी कच्चा होतोच. पण चूक तंत्राची नव्हती. कॉलेजात जी बोली मी दोन वर्षे लपवली, ती बाहुल्याच्या तोंडी घालून तिच्यावरच टाळ्या घेतल्या होत्या.

यंदा खेळ उलटा करायचे ठरवले आहे. प्रश्न बाहुला विचारील आणि अडखळायचे मी. बाहुल्याने काय विचारावे, हे मी बाबांनाच विचारले. सुपारी सोलता सोलता ते म्हणाले, “त्याला इचार, माडावर चढता येतंय काय?”

मला येत नाही. यंदा हे सर्वांसमोर कबूल करायचे आहे.